गप्पांमध्ये पुस्तकाविषयी बोलताना

मित्रांच्या रोजच्या गप्पांमध्ये हातातल्या पुस्तकाविषयी काय बोलावे हे सुचत नाही, असे तुम्ही विचारले आहे. सुरुवातीला लागणाऱ्या मोजक्याच गोष्टी सांगतो.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कथानक पहिल्या पानापासून सांगत सुटणे. पात्रांची नावे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत आणि शेवट कळल्यामुळे वाचण्याची इच्छा मात्र मावळते. त्याऐवजी वाचताना जिथे थबकलात, त्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी (पुस्तक उसने असेल तर कागदाची चिठ्ठी घालावी) आणि गप्पांमध्ये तेवढ्याच चार ओळी वाचून दाखवाव्यात. बोलणे तिथून आपोआप पुढे सरकते.

‘पुस्तक आवडले का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. ‘कुठे कंटाळा आला?’ असे विचारल्यास माणूस मोकळा होतो. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाविषयीही निःसंकोच बोला. मित्र घरची अडचण सांगत असेल, तेव्हा मात्र पुस्तक मध्ये आणू नका. शैली, समीक्षा वगैरे विषय तूर्त बाजूला ठेवा. सध्या हातातले पुस्तक पुरे आहे, मग ते निम्मेच वाचून झालेले का असेना.