तीव्र मध्यमाची पायरी

प्रश्न : लहानपणापासून चर्चमध्ये पेटी वाजवते. आता मुलीने कीबोर्ड आणून दिलाय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला गॉस्पेल पियानो मला फार आवडतो. सी, एफ, जी हे तीन कॉर्ड जमतात, पण वाजवलेलं सपाट वाटतं. थर्ड, फिफ्थ ही भानगडही कळत नाही. – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पेटी येते ना, मग अर्धं काम झालंय. थर्ड, फिफ्थ ही इंटरव्हलची नावं, आणि इंटरव्हल म्हणजे दोन स्वरांमधलं अंतर. सुरुवातीची पट्टी सोडून पुढच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजायच्या. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरा. तिथून चौथी पट्टी ई : तुमचा शुद्ध गंधार, त्यांचा मेजर थर्ड. तिसरी पट्टी कोमल गंधार, तो मायनर थर्ड. सातवी पंचम, तोच फिफ्थ. (सी, डी, ई अशी तीन अक्षरं होतात म्हणून थर्ड, एवढंच.) एकत्र दाबलेले स्वर म्हणजे कॉर्ड : सा-ग-प एकत्र दाबलं की सी मेजर, गंधार कोमल केला की सी मायनर.

आता सपाटपणाचं. मला वाटतं, तुम्ही प्रत्येक कॉर्ड त्याच्या मूळ स्वरापासूनच वाजवताय. मीही सुरुवातीची दोन वर्षं तेच केलं. हात बेडकासारखा उड्या मारायचा आणि गाणारी मंडळी मागे वळून बघायची. सी-ई-जी वरून एफला जाताना सी तसाच धरून ठेवा, ई चा एफ करा, जी चा ए. झाला एफ कॉर्ड, आणि हात जागचा हलला नाही.

पण खरी चव पुढे आहे. गॉस्पेलचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चबाहेरचं लौकिक संगीत, वाजवायचे. १९३०च्या दशकात शिकागोत त्यांनी तो रंग उपासनेत आणला, तेव्हा काही चर्चना ते मुळीच रुचलं नव्हतं. ब्लूजमुळे कोमल निषाद घरच्या, म्हणजे सा च्या, कॉर्डातही येऊन बसतो : सी, ई, जी, बी-फ्लॅट (फ्लॅट म्हणजे एक पट्टी खाली, शार्प म्हणजे एक पट्टी वर). आणि कोमल-शुद्ध गंधार अगदी शेजारी-शेजारी नांदतात.

ते ऐकायचंय? डाव्या हाताने एफ, उजव्याने ए-सी-एफ. मग डावा हात एक पट्टी वर, एफ-शार्पवर. उजव्यात वरचा एफ उतरून ई-फ्लॅट, म्हणजे ए-सी-ई-फ्लॅट. हा डिमिनिश्ड कॉर्ड, यातले स्वर तीन-तीन पट्ट्यांवर बसलेले असतात. मग डावा आणखी एक पट्टी वर, जीवर, उजव्यात जी-सी-ई. खाली मध्यम, तीव्र मध्यम, पंचम असा जिना चढतो, वर कोमल गंधार शुद्ध होतो आणि मधला सा जागचा ढळत नाही. मी हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा चहा गार होईपर्यंत तेच तेच वाजवत बसलो होतो. मधल्या कॉर्डवर घाई करू नका. तो जरा टोचला पाहिजे. शेवटी जी-बी-डी-एफ वाजवून सीवर घरी या.

आधी डावा हात एकटा बसवा, मग उजवा. आणि कीबोर्डवरचं एका बोटाने आख्खा कॉर्ड वाजवणारं ते बटण महिनाभर बंद ठेवा.