ॲलर्जी नव्हे, उबग!

प्रश्न असा: एकदा पावभाजी खाल्ली, रात्रभर उलट्या झाल्या, तेव्हापासून तिचा वासही सोसवत नाही. याला 'वीट येणे' म्हणायचं की 'ॲलर्जी'?

ॲलर्जी तर मुळीच नाही! हल्ली ज्याला त्याला कारल्याची, वांग्याची, अगदी पाहुण्यांचीही 'ॲलर्जी' असते. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती उगाच खवळते, अंगावर गांध्या उठतात. इथे कारभार मज्जातंतूंचा आहे. वीटही नाही. वीट यायला तीच भाजी आठ दिवस पानात पडावी लागते. इथे एक रात्र पुरते.

माझा शब्द उबग. मूळ संस्कृत 'उद्वेग'. 'द्व'चा 'ब' कसा? द्वादशचे बारा झाले, द्वितीयेची भाऊबीज झाली, तसा. आणि 'उद्' म्हणजे वर! आयुर्वेदाच्या चरकाने जे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवू नयेत म्हणून सांगितलं, त्यांत छर्दी, म्हणजे ओकारीही आहे. वर उसळतो तो उद्वेग, असं मी मानते. 'उबग म्हणजे कंटाळा' एवढंच शिकवणारे या शब्दातलं पोटच काढून टाकतात.

शरीरातली वाटही खालून वरच जाते. पोटात विषारी काही गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, व्हेगस मज्जातंतू ती खबर मस्तिष्कस्तंभापर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत, नेतो. जिभेवरची चवही तिथेच पोचते, आणि मेंदू दोन्हींची गाठ मारतो. (व्हेगस म्हणजे आपला 'वेग', असं काही हौशी मंडळी ठासून सांगतात. सपशेल चूक! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भटका.) १९५५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि गॅमा किरणांनी आजारी पाडलं. पाणी निर्दोष होतं, तरी उंदीर ते टाळू लागले. उंदराला ओकता येत नाही. उबग मात्र येतो.

लहानपणी मला घाटात एसटी लागली, तेव्हा नुकतीच आंबावडी खाल्ली होती. दोष वळणांचा, हे पक्कं ठाऊक आहे. तरी आजही डबा उघडला की तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीआधीचं, पातळ. मेंदूने एसटीला सोडलं आणि वडीला धरलं. तुमची पावभाजीही कदाचित निर्दोष असेल. त्या दिवशीचं पाणीच बाधलं असेल.