कीर्द, रोजकीर्द आणि जर्नल

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात टॅली या हिशेबाच्या संगणक-प्रणालीवर नोंदी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा: "आमचे दिवाणजी 'कीर्द झाली का?' असं विचारतात तेव्हा त्यांना रोख पुस्तक हवं असतं. अकरावीला मात्र आम्ही रोजकीर्द म्हणजे जर्नल असं शिकलो. बरोबर कोण? आणि खतावणी हे वहीचं नाव की कामाचं?"

दिवाणजींचा अर्थ जुना आणि पुस्तकाचा अर्थ नवा. शब्द मात्र दोघांनी एकाच घरातून घेतला आहे.

कीर्द फारसीतून आली. मुळाशी 'करदन' म्हणजे 'करणे' हे क्रियापद आहे. जुन्या मराठी कागदांत कीर्द म्हणजे जमिनीची लागवड, मुलखाची आबादानी असाही अर्थ सापडतो. हिशेबात मात्र दिवसभरात जे झालं ते ज्या वहीत उतरतं ती कीर्द. रोजकीर्द हा शब्दही पाठ्यपुस्तकवाल्यांनी घडवलेला नाही. पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडलेले उतारे छापले गेले तेव्हा इंग्रजीत त्यांना पेशव्यांच्या 'डायऱ्या' म्हटलं गेलं. त्या रोजकीर्दीत पैसा येतो, पैसा जातो आणि सोबत त्या दिवशीचे हुकूमही येतात. म्हणजे रोजकीर्द ही पूर्ण दिवसाची वही होती, रोकड तिच्या आतच होती.

युरोपातली जर्नलही मुळात तशीच. इटालियन 'जोर्नो' म्हणजे दिवस, आणि 'जोर्नाले' म्हणजे रोजची वही. लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची पद्धत छापून काढली. त्यात तीन वह्या आहेत: टिपणाची कच्ची वही, रोजची वही आणि खात्यांची वही. आपल्याकडच्या कच्ची कीर्द, पक्की कीर्द आणि खतावणी यांच्याशी हे सहज जुळतं. त्यामुळे ज्या कोणी जर्नलला रोजकीर्द म्हटलं, त्याने शब्द चांगलाच निवडला होता.

घोटाळा झाला तो पुढे. धंदा वाढला तशी एका रोजच्या वहीतून वेगवेगळी पुस्तकं फुटली. रोखीचे सगळे व्यवहार रोख पुस्तकात गेले. मालाची उधारीवरची खरेदी खरेदी पुस्तकात, उधारीची विक्री विक्री पुस्तकात आणि परत गेलेला-आलेला माल परत पुस्तकांत. जर्नलकडे उरलं ते यांत कुठेच न बसणारं: दुकानासाठी उधारीवर घेतलेलं कपाट, घसारा, चुकीची दुरुस्ती, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग केलेली रक्कम. इंग्रजी पद्धतीत नाव जर्नलपाशी राहिलं आणि रोकड तिच्यातून निघून गेली. आपल्या पेठेत उलट झालं. कीर्द हे नाव रोकडीपाशीच राहिलं. संध्याकाळी पेटीतली शिल्लक जिच्याशी जुळवायची ती कीर्द. हिलाच काही दुकानांत रोजमेळ म्हणतात.

तुमच्याच दुकानातलं उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीचे घेतले आहेत आणि अडतीची रक्कम बाजूला ठेवली आहे. कागल भागातल्या एका शेतकऱ्याने गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आधी १०,००० रुपये उचल घेतली. कीर्दीत ती त्यांच्या नावे, म्हणजे त्यांच्याकडून येणं म्हणून, पडते; शेरा 'हस्ते खुद्द', म्हणजे रक्कम त्यांनी स्वतः नेली. पुढे गूळ आला, सौदा निघाला. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाली ४६,५०० रुपयांची, आणि हमाली-तोलाई १,५०० वजा जाता शेतकऱ्याचे ४५,०००. या दिवशी पेटीत एक रुपया आला नाही की गेला नाही. तरी नोंद तर हवीच: घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावे ४६,५००, शेतकऱ्याला जमा (म्हणजे त्याचं देणं) ४५,०००, हमाली-तोलाईला जमा १,५००. जुन्या कीर्दीत हे दोन्ही बाजूंना लिहिलं जायचं. दोन्हीकडे आकडा सारखाच, म्हणून शिल्लक हलायची नाही. पुढे ३५,००० रोख दिले की तेही नावे, आणि शेतकऱ्याचं खातं पुरं झालं.

ती मधली, रोकडीला न शिवणारी नोंद म्हणजेच टॅलीत एफ ७ ही कळ दाबून करायची जर्नलची नोंद. तिला पेठेत स्वतःचं नाव आहे: जमाखर्ची नोंद. 'पैसे द्यायचे नाहीत, नुसता जमाखर्च टाका' हे वाक्य दिवाणजींच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. माझ्या मते आजच्या अर्थाच्या जर्नलला सर्वांत नेमका मराठी शब्द हाच आहे. रोजकीर्दीपेक्षा तो मला जास्त पटतो, कारण काम काय आहे ते तो उघड सांगतो: एकाला जमा, दुसऱ्याला खर्ची, पेटी तिथंच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला अडखळवत असणार, म्हणून न विचारताही लिहितो. देशी नाम्यात, म्हणजे आपल्या जुन्या हिशेब लिहिण्याच्या पद्धतीत, डावी बाजू जमेची, उजवी नावेची. इंग्रजी पद्धतीच्या खात्यात डावी नावेची, उजवी जमेची. तरी दोन्हींच्या रोख पुस्तकात आलेली रक्कम डावीकडेच दिसते. याचं कारण बघण्यासारखं आहे. इंग्रजी रोख पुस्तक हे रोकडीचं खातं आहे. पैसा आला, रोकड खात्याला नावे पडला. आपली कीर्द माणसाच्या बाजूने लिहिली जाते. पैसा कोणाकडून आला, त्याला जमा. म्हणून कीर्दीत जे जमेला ते खतावणीतही जमेलाच जातं, बाजू बदलत नाही. इंग्रजी पद्धतीत रोख पुस्तकाच्या डावीकडची रक्कम खात्याच्या उजवीकडे नेताना पोरं पहिलं वर्षभर चाचपडतात, तो त्रास या पद्धतीत नव्हता. 'नावे' हा शब्दही तिथूनच आला: रक्कम ज्याच्या नावावर टाकली त्याच्याकडून ती यायची आहे.

आता खतावणी. ती दोन्ही आहे. 'खतावणे' हे क्रियापद आहे, म्हणजे कीर्दीतली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यात नेऊन लिहिणे. पाठवणे-पाठवणी तसं खतावणे-खतावणी, हे कामाचं नाव. जिच्यात ते काम होतं तिलाही तेच नाव लागलं. 'आज खतावणी राहिली' म्हटलं की काम राहिलं आणि 'खतावणी कपाटात आहे' म्हटलं की वही. लेजरला नवा प्रतिशब्द शोधायची मुळीच गरज नाही. टॅलीने मात्र हे क्रियापद आपल्या हातातून काढून घेतलं आहे. नोंद केली की रक्कम आपोआप खात्यात जाते, मग खतावायला उरतंच काय! त्यामुळे नव्या मुलांना खतावणी ही फक्त वही वाटते, हे मला टोचतं.

तेव्हा ताई, पेपर लिहिताना 'रोजकीर्द' लिहा, परीक्षक तेच शोधणार आहे. दिवाणजींनी कीर्द मागितली तर रोख पुस्तकाची छापील प्रत द्या, आणि एफ ७ च्या नोंदींची फाइल वेगळी लावणार असाल तर तिच्यावर बिनधास्त 'जमाखर्ची' असं लिहा.