पार्ल्याचा फ्लॅट विकून न्यू जर्सीत इमारत घेण्याआधी

तुम्ही विचारलंय: पार्ल्याचा फ्लॅट विकायचा, पुढच्या वर्षी न्यू जर्सीला यायचं आणि त्या पैशात सहा भाडेकरूंची इमारत घ्यायची, दलाल म्हणतो २५ टक्के भरले की झालं. तेवढ्यात होत नाही. आणि पहिली इमारत सहाची नको, चार फ्लॅट्सची घ्या, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत आपण स्क्वेअर फुटाचा भाव विचारतो. इथे पाच किंवा जास्त फ्लॅट्स असले की कर्ज व्यावसायिक होतं आणि बँक इमारतीची कमाई बघते. समजा दर फ्लॅटचं भाडं महिना १,५०० डॉलर. सहाचे वर्षाला १,०८,०००. फ्लॅट रिकामा राहतो त्याचे ५ टक्के काढले की १,०२,६००. मालमत्ता कर (न्यू जर्सीत तो फारच जड), विमा, पाणी, दुरुस्ती, व्यवस्थापन, बर्फ काढणं यात ४५ टक्के सहज जातात. उरतात ५६,४३०. ६ टक्के कॅप रेटने (म्हणजे वर्षाची निव्वळ कमाई किमतीच्या ६ टक्के धरून) किंमत निघते ९,४०,५००. पण बँकेला वर्षाच्या हप्त्यांच्या सव्वापट कमाई हवी असते, म्हणजे हप्ते ४५,१४४ च्या आत. ७ टक्के व्याज, ३० वर्षं धरली तर त्यात कर्ज बसतं साधारण ५,६५,०००. राहिलेले पावणेचार लाख डॉलर तुमचे, म्हणजे ४० टक्के. क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण करून ताबा घेण्याचा खर्च आणि घरं गरम करणारा बॉयलर बंद पडला तर लागणारी गंगाजळी वेगळी.

हे पैसे आणायचे कसे? भारतात रहिवासी असताना एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरच पाठवता येतात. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांची मर्यादा वापरा, नाहीतर ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन हप्त्यांत पाठवा. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आधीच गोळा करते तो आयकर) लागतो. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकतो. शक्य असेल तर भारतातून निघण्याआधीच फ्लॅट विका. रहिवासी विक्रेत्याचा टीडीएस १ टक्का असतो. एनआरआय झालात की, कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर, घेणारा बहुधा पूर्ण किमतीवर १२.५ टक्के आणि वर अधिभार, उपकर कापतो. घर विकून दुसरं घर घेतलं की नफ्यावर मिळणारी करसूटही परदेशातल्या घराला मिळत नाही. त्यासाठी घर भारतातच हवं.

चार फ्लॅट्सपर्यंत साधं घरकर्ज मिळतं, ३० वर्षं एकाच व्याजदराचं. एका फ्लॅटमध्ये स्वतः राहिलात तर डाउन पेमेंट बरंच कमी लागतं. व्यावसायिक कर्जात बहुतेकदा ५, ७ किंवा १० वर्षांनी उरलेली सगळी रक्कम एकदम फेडायची असते, आणि त्या वेळी व्याजदर चढा असेल तर मालक अडचणीत येतो. जर्सी सिटीत भाडेनियंत्रणही पाच फ्लॅट्सपासून सुरू होतं. पागडीच्या इमारती पाहिलेल्यांना याचा अर्थ समजवायला नको. मात्र आल्या आल्या क्रेडिट स्कोअर नसतो. तो तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं भाड्याने राहा, ती वाया जात नाहीत.

इमारत बघायला गेलात की आधी तळघरात विजेचे मीटर मोजा. चार फ्लॅट्सना चार, सामायिक एक. सहावा दिसला तर परवान्याशिवाय पाडलेला फ्लॅट असू शकतो. नगरपालिकेतून वापराचा दाखला काढून ताडून बघा. बॉयलर एकच असेल तर सगळ्यांच्या उबेचं बिल मालकाच्या माथी. बाहेर भिंतीलगत जमिनीतून झाकणाचा पाइप वर आलेला दिसला तर खाली जुनी तेलाची टाकी पुरलेली असू शकते. ती गळत असेल तर माती साफ करायला हजारो डॉलर जातात आणि विमा सहसा हात वर करतो. म्हणून टाकीचा शोध आणि सांडपाण्याच्या नळात कॅमेरा, या दोन तपासण्या वेगळे पैसे देऊन करून घ्याच.

विकणाऱ्याच्या भाडेयादीवर विसंबू नका. प्रत्येक भाडेकरूकडून भाडं, थकबाकी आणि डिपॉझिट किती ते सही करून लिहून घ्या. त्याला इथे एस्टॉपेल म्हणतात. डिपॉझिटची रक्कम क्लोजिंगच्या दिवशी तुमच्याकडे आली पाहिजे, कारण भाडेकरू जाताना ती तुमच्याकडेच मागणार.