गार्शिंगच्या पोस्टडॉकबद्दल विचारलंत म्हणून

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात लेझर भौतिकीत पीएचडी झाली, म्युनिकजवळ गार्शिंगला दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा) मिळते आहे, पत्नी एमबीबीएस असून कोल्हापुरात काम करते, मुलगा दुसरीत आहे. तर जावं का, आणि पुढे तिथेच राहता येईल का?

उत्तर दोन ओळींतही देता आलं असतं, पण प्रश्नात मला माझंच घर दिसलं. आमच्याकडे संशोधक मी होते आणि नोकरी सोडून मागे आला तो नवरा. तो औरंगाबाद खंडपीठात वकिली करायचा. व्हिसा, आरोग्यविमा, पत्त्याची नोंदणी यावर काहीच लिहीत नाही. ते सगळं वकिलातीच्या आणि विद्यापीठाच्या पानांवर नीट दिलेलं आहे.

तुम्ही पगार आणि घरभाडं विचारलंत. त्याआधी करार बघा. तुम्हाला मिळणार आहे ती नोकरी आहे की शिष्यवृत्ती, हे आधी लेखी विचारून घ्या. दोन्हींना तोंडी पोस्टडॉकच म्हणतात. नोकरीत पेन्शन, बेकारीभत्ता, आजारपण यांचे हप्ते आपोआप कापले जातात. शिष्यवृत्तीत पेन्शन आणि बेकारी यांचं खातंच उघडत नाही, आरोग्यविमाही स्वतःच बघावा लागतो. नोकरी असेल, तर पहिल्या दोन महिन्यांत एक निर्णय घ्यायचा असतो, तो कुणी आपणहून सांगत नाही. सरकारी नोकरांच्या पूरक पेन्शन योजनेत 60 महिने भरले तरच हक्क मिळतो. मुदतीच्या करारावरच्या संशोधकाला त्यातून सूट घेऊन दुसरी योजना निवडता येते, पण अर्ज त्या दोन महिन्यांतच करावा लागतो.

मग घड्याळ, म्हणजे मुदतीच्या करारांवर एकूण किती वर्षं काढता येतात. जर्मनीत 2007 पासून संशोधकांच्या मुदतीच्या करारांचा वेगळा कायदा आहे. पीएचडीपर्यंत 6 वर्षं, पीएचडीनंतर 6 वर्षं. वैद्यकशास्त्रात पीएचडीनंतर 9. पीएचडी 6 वर्षांच्या आत झाली असेल तर उरलेला काळ पुढे जोडला जातो. लहान मूल असेल तर आणखी 2 वर्षं वाढवता येतात, पण तशी मुभा आहे, हक्क नाही. त्यानंतर कायमची जागा, नाहीतर बाहेरून आलेल्या प्रकल्पाच्या पैशावर एकेक करार, नाहीतर बाहेर. आणि कायमच्या जागा अगदी मोजक्या, त्याही बहुतेक प्राध्यापकांच्या. जर्मनीच्या शिक्षण-संशोधन मंत्रालयाने या कायद्याची भलामण करणारा कार्टून व्हिडिओ काढला होता, त्यात हाना नावाची एक तरुण जीवशास्त्रज्ञ होती. मुदत नसेल तर एकच पिढी सगळ्या जागा अडवून बसेल, असा त्याचा सूर. 2021 च्या जूनमध्ये हजारो संशोधक ‘मी हाना’ म्हणत पुढे आले, आपलं वय, मुलं, करारांच्या तारखा उघड लिहू लागले. मी ते रात्र रात्र वाचत बसायचे. माझं घड्याळ संपलं तेव्हा माझ्या बॉसने मनापासून खटपट केली, तरी जागा नव्हतीच. आता मी इथल्याच एका लेझर कंपनीत आहे. पगार चांगला, नोकरी कायमची. पण मी आले होते संशोधन करायला, आणि ही गोष्ट मला अजून बोचते.

गार्शिंग कामासाठी अप्रतिम आहे, यात शंका नाही. 1957 मध्ये जर्मनीतली पहिली संशोधन अणुभट्टी इथे, शेतांच्या मधोमध सुरू झाली. तिचा अंड्यासारखा घुमट गावाच्या मानचिन्हात आहे. मॅक्स प्लँकची क्वांटम ऑप्टिक्सची संस्था इथेच. थिओडोर हेन्श (2005) आणि फेरेन्क क्राउझ (2023) हे तिथले दोन नोबेल. हेन्श यांचा फ्रीक्वेन्सी कॉम्ब, म्हणजे प्रकाशाची वारंवारता अतिशय अचूक मोजायचं तंत्र, त्यावर 2001 मध्ये मेन्लो सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली, नोबेलच्या चार वर्षं आधी. क्राउझ यांच्या गटाने आपले लेझर रक्ताकडे वळवले: इन्फ्रारेड प्रकाशाचं अतिसूक्ष्म स्पंदन रक्तद्रवातून पाठवायचं, रेणूंनी परत दिलेला प्रकाश वाचायचा, आणि त्यात कर्करोगाची काही खूण सापडते का ते शोधायचं. त्यासाठी भौतिकी आणि वैद्यक एका टेबलावर बसतात.

मी अशाच प्रकारच्या एका छोट्या प्रकल्पात आरसे धरणाऱ्या चौकटींचं काम करत होते. खोलीचं तापमान अर्धा अंश हललं की सिग्नल सरकायचा. कार्यशाळेतला म्हातारा तंत्रज्ञ इंग्रजी बोलायचा नाही. चौकट पितळेची नको, इन्व्हार या मिश्रधातूची कर, म्हणजे तापमानाने ती जवळपास वाढणारच नाही, हे त्याने मला पेन्सिलीने कागदावर काढून समजावलं. जर्मन मी वर्गापेक्षा त्याच्याकडून जास्त शिकले. तुम्हीही प्रयोग करणारे आहात, तेव्हा ऑफिसची भाषा इंग्रजी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्रयोग ज्यांच्या हातांनी उभा राहतो ती माणसं जर्मन बोलतात.

मापन तयार झालं, पण रक्ताच्या नळ्या मात्र महिनोन्‌महिने आल्या नाहीत. रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता, मग माहितीसंरक्षणाची तपासणी, मग संमतिपत्राची भाषा. रुग्णाने उद्या संमती मागे घेतली तर त्याच्या नमुन्याचं काय करायचं, तोवर त्याच्या मोजमापावरून बेतलेल्या आकडेमोडीचं काय, यावर बैठका. तेव्हा मी वैतागायचे. संध्याकाळी नवऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं की तो मसुदा मागून घ्यायचा आणि पेन घेऊन बसायचा. त्याने दाखवलेली एक पळवाट समितीनेही नंतर दाखवली. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा तसा उजळलेला मी पाहिला.

त्याचं सांगते, कारण तुमच्या पत्नीशी त्याचा संबंध आहे. तुमचं शास्त्र जिथे जाल तिथे तेच राहतं. अभियांत्रिकीचंही बहुतेक तसंच. वैद्यकाला इथलं राज्य परवाना देईपर्यंत हात लावता येत नाही. आणि वकिली? ती तिथेच राहते. इथे न्यायालयात उभं राहायचं तर जर्मन कायद्याच्या दोन राज्यपरीक्षा द्याव्या लागतात, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. म्युनिकमध्ये युरोपियन पेटंट ऑफिसचं मुख्यालय आहे, जर्मन पेटंट कार्यालय आहे, बौद्धिक संपदेवर संशोधन करणारी मॅक्स प्लँकची स्वतंत्र संस्था आहे. आम्हाला वाटलं, वकिलाला याहून चांगलं गाव कुठलं? पण युरोपियन पेटंट वकिलाच्या परीक्षेला बसायचं तर विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. नुसती एलएलबी चालत नाही. म्हणजे तशी पदवी घरातल्या इंजिनियरकडे, माझ्याकडे, होती, आणि वकिलाकडे नव्हती. त्याने इथे इंग्रजीतून एलएलएम केलं, आता एका कंपनीत पुरवठ्याचे करार तपासतो. भूसंपादनात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची प्रकरणं लढवायचा तो. एकदाही तक्रार केली नाही त्याने. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुमच्या पत्नीची वाट लांब आहे, पण वाट आहे. आधी सर्वसाधारण जर्मन, मग डॉक्टरांची भाषापरीक्षा. त्यात 20-20 मिनिटांचे तीन भाग असतात: रुग्णाशी बोलणं, अहवाल लिहिणं, सहकारी डॉक्टरला रुग्ण समजावून देणं. मग अभ्यासक्रम जर्मन पदवीच्या तोडीचा ठरला नाही, तर ज्ञानपरीक्षा. तिचा भर मेडिसिन आणि सर्जरीवर. हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. वाचायला मिळत नाही ते असं: दोन वर्षांची पोस्टडॉक संपते, तोवर ती जेमतेम दवाखान्यात पाय ठेवू लागलेली असते. म्हणजे तुमचा करार संपताना तिचं खरं सुरू होतं. माझ्या ओळखीतल्या एका घरात नेमक्या याच वळणावर नवऱ्याला दुसऱ्या देशात जागा मिळाली आणि तिने दुसऱ्यांदा सगळं सोडलं. तेव्हा तिने जर्मन आजपासून, कोल्हापुरातच सुरू करावी, आणि दुसरा करार कुठे घ्यायचा हे तेव्हा तिने ठरवावं. हे आत्ताच आपसांत बोलून घ्या.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्या लोकांनाच नडते: नाव. माझ्या पदवीवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. एका कार्यालयातल्या बाईंना या दोन वेगळ्या स्त्रिया वाटल्या. लग्नाचा दाखला दिला, तर त्यांनी विचारलं की आडनाव बदललं हे समजलं, पण मधलं पुरुषाचं नाव कसं बदललं? बापाचं नाव लग्नाने कसं बदलेल? त्यांच्या दृष्टीने प्रश्न बरोबरच होता, पण माझी फाइल महिनोन्‌महिने त्यावर अडून राहिली. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या (एका देशाचा कागद दुसऱ्यात खरा धरावा म्हणून मारतात त्या शिक्क्याच्या) करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्याने आपलं अपॉस्टिल इथे चालत नाही. कागद भारतात तपासायला पाठवले जातात. पत्नीने नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद, आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच करून आणा. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव कसं लिहिलंय तेही बघा. माझ्या मुलीच्या शाळेच्या पत्रांवर अजून तिच्या नावाला जोडून बापाचं नाव येतं, तेही तिचंच नाव असल्यासारखं.

आता शाळा. इथे मी शांतपणे लिहू शकत नाही.

बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात मुलांच्या हातात एक दाखला पडतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. इथे 1 सर्वांत चांगला, 6 सर्वांत वाईट. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, जिथून थेट विद्यापीठाचा रस्ता. 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. सरासरी त्याहून वाईट असेल तर मिटेलशूले, जी मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेते. मूल तेव्हा दहा वर्षांचं असतं. माझ्या मुलीला गणितात 1, परिसर अभ्यासात 3, जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66. शिक्षिकेने आम्हाला लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं, निबंधाची वही उघडली, लाल खुणा दाखवल्या आणि म्हणाल्या, घरी जर्मन बोलत जा. मी म्हटलं, घरी आम्ही मराठी बोलतो, आणि बोलत राहू. वाक्य मी जर्मनमध्ये बरोबर म्हटलं याचा मला अजून अभिमान आहे. मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

तुमच्यासाठी यात महत्त्वाचं हे आहे. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांची सरासरी 3.33 पर्यंत असली तरी, कमी गुण भाषेमुळे पडलेत आणि ती भाषा भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर गिम्नाझिउमसाठी पात्र धरता येतं. माझी मुलगी पहिलीपासून इथेच, म्हणून तिला हे लागू नव्हतं. तुमचा मुलगा दुसरीनंतर येतोय, त्याला लागू होईल. शाळा आपणहून सांगेल याची वाट बघू नका. तिसरी सुरू होतानाच शाळेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मुलगी आता रेआलशूलेत गणित-विज्ञान शाखेत आहे, पुढे तंत्रशाखेच्या उच्च माध्यमिकमधून विद्यापीठात जाता येतं, ती जाईलही. तरी दहा वर्षांच्या पोरीला ‘तुझी जागा इथे’ असं सांगितलं गेलं, ते मी विसरलेले नाही.

संशोधनातून स्वतःचं काही उभं करायचा विचार तुमच्या शेवटच्या ओळीत होता. तर एवढं लक्षात ठेवा: 2002 पासून विद्यापीठातल्या नोकरीत लागलेला शोध विद्यापीठाला कळवावा लागतो, आणि त्यांनी तो घेतला तर मिळकतीतला 30 टक्के वाटा शोधकांचा. त्यांनी चार महिन्यांत सोडून दिला नाही तर तो त्यांनी घेतला असं धरतात. युरोपात पेटंटच्या अर्जाआधी परिषदेत पोस्टर लावलं तरी नवेपणा गेला, म्हणजे पेटंटही गेलं. अमेरिकेत असते तशी वर्षभराची सवलत इथे नाही. संशोधकाच्या परवान्यावरून स्वतंत्र व्यवसायाच्या परवान्यावर जाता येतं, व्यवसायाचा तुमच्या संशोधनाशी संबंध दाखवता आला तर. कंपनी काढू पाहणाऱ्या पीएचडीधारकाला सरकारच्या एक्झिस्ट योजनेतून वर्षभर महिना 3,000 युरो मिळू शकतात. पण हे दुसऱ्या वर्षीचे विचार आहेत.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. नोव्हेंबरात जास्त येतो. मंडळाचा गणपती आहे, दिवाळीचा फराळ आहे, माणसं भेटतात. त्याचा बाऊ करू नका.

माझा सल्ला: या, पण दोन वर्षं पुरी करायला या, आणि कायम राहायचं की नाही हे पत्नीच्या परीक्षेचा निकाल आल्यावर तिघांनी मिळून ठरवा. कराराचा मसुदा आला की त्यात मुदतीचं कारण काय लिहिलंय ते बघा: ‘पात्रता वाढवणं’ की ‘प्रकल्पाचा निधी’. घड्याळ दोन्हींत चालतं, पण मुलासाठीची 2 वर्षांची वाढ पहिल्यात मागता येते, दुसऱ्यात नाही. कळलं नाही तर ते पान मला पाठवा. नवरा वाचून सांगेल, त्याला ते आवडतं.