भावाला गोचीड चावल्यामुळे लकवा झाला असेल का? लाइमची कोणती तपासणी करायची?

तुम्ही लिहिलंय की भाऊ 41 वर्षांचा आहे, जर्मनीत असताना मांडीवर गोचीड चावली, लाल चट्टा गोलगोल पसरत गेला आणि औषध घेतलं नाही. आता नागपुरात येऊन पाच महिने झाल्यावर चक्कर, बोलणं जड, उजवा हात कमजोर. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोडात छोटे इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेले भाग) दिसले, बीपी-शुगर नॉर्मल.

शंका रास्त आहे. लाइम म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जंतुसंसर्ग; त्यामुळे लकवा फार क्वचित होतो, पण होतो तेव्हा चित्र असंच असतं. लाइमचा बोरेलिया हा जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरला की धमन्यांच्या भिंती सुजतात, आतली वाट अरुंद होते आणि रक्त अडतं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमन्या यात बऱ्याचदा सापडतात. लकव्याआधी काही आठवडे डोकं सतत दुखत होतं का, रात्री पाठीत-पायात कळा येत होत्या का, तोंड वाकडं झालं होतं का, हे भावाला नीट विचारा आणि डॉक्टरांना सांगा. जर्मनीचा प्रवास आणि तो चट्टा तर आवर्जून सांगा. आपल्याकडे गाईम्हशींना लागणारी गोचीड वेगळ्या जातीची, त्यामुळे इथे लाइम सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही.

गडबड होते ती रक्ताच्या रिपोर्टवरून. एलायझा ही अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन) शोधणारी पहिली चाचणी; ती पॉझिटिव्ह आली तरी वेस्टर्न ब्लॉट या दुसऱ्या चाचणीने खात्री करावी लागते. तोही पॉझिटिव्ह आला, तर कधीतरी जंतू अंगात शिरला होता एवढंच कळतं; आयजीजी या प्रकारची अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहते. उलट पाच महिन्यांनी आयजीजी निगेटिव्ह असेल, तर लाइमचा नाद जवळजवळ सोडावा. खरा निकाल पाठीच्या पाण्यात (कण्यातून सुईने काढलेलं, मेंदूभोवतीचंच पाणी) लागतो: लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रोटीन वाढलेलं, आणि अँटिबॉडी मेंदूच्या आवरणातच तयार होतेय का हे दाखवणारा अँटिबॉडी इंडेक्स. त्यासाठी रक्त आणि पाणी एकाच दिवशी घेऊन एकाच लॅबला द्यावं लागतं. वेगवेगळ्या दिवशी घेतलं तर गुणोत्तरच चुकतं.

त्याच पाण्यातून टीबीची तपासणी झालीच पाहिजे. पेशी आणि प्रोटीन टीबीतही तसंच वाढतं, धमन्याही तशाच सुजतात, आणि आपल्याकडे तो कितीतरी जास्त आढळतो. सिफिलिस, एचआयव्ही आणि हृदयाचा इकोही करून घ्या. सिफिलिसमुळे लाइमची एलायझा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपण विदर्भातले, म्हणून सिकलसेलही एकदा बघून घ्या.

लाइम ठरलं तर सेफ्ट्रायाक्सोन रोज 2 ग्रॅम शिरेतून, 2 ते 4 आठवडे. इंजेक्शनं चालू असताना पोटात उजवीकडे वर दुखलं तर सांगा, पित्ताशयात गाळ साचतो. लकव्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. तपासण्या चालू असताना पुन्हा जीभ जड झाली, तोल गेला, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच 108 लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं हे पहिल्याच मिनिटाला विचारतात.