फिश टँकमध्ये सारखं शेवाळ येतं, आठवड्याला काच घासूनही जात नाही. काय करावं?

आधी दिवा बघा. तुम्ही लिहिलंय की टाकी खिडकीशेजारी आहे आणि लाइट सकाळपासून रात्री झोपेपर्यंत चालू असतो. शेवाळाला आणखी काय हवं? टाकी उन्हातून हलवा, साधा टायमर लावा आणि लाइट दिवसाला ६ ते ८ तासच ठेवा.

दुसरं म्हणजे खाणं. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाका. उरलेले दाणे खडीत कुजतात, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं आणि शेवाळ त्यावरच पोसतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, सायफनची नळी खडीत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्या. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालायला विसरू नका. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. त्यातले उपयोगी जिवाणू जगले पाहिजेत.

हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी वनस्पती सोडा, ती शेवाळाचं अन्न आधीच खाऊन टाकते.

दुकानदार ‘काच साफ करतो’ म्हणून सकर मासा देईल. कृपया घेऊ नका! तो फुटभराहून मोठा होतो आणि छोट्या टाकीत त्याचे हाल होतात. त्यापेक्षा शेवाळ खाणाऱ्या छोट्या नेराइट गोगलगायी बऱ्या. शेवाळ मारायचं औषधही टाळा, बऱ्याच औषधांत तांबं असतं, त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

काचेवर निळसर-हिरवा, वास मारणारा बुळबुळीत पापुद्रा असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. तो सायफनने ओढून काढा आणि तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधारात ठेवा, एअर पंप चालू ठेवून.